चार ओळींचा निकाल

भापकर सरांनी वर्गात पाऊल टाकल्या टाकल्या सांगून टाकलं, की यंदा परदेशी फुलांच्या पाकळ्या चालणार नाहीत आणि बुडालेल्या बोटीतले प्रवासीही चालणार नाहीत.

बारामतीच्या त्या कॉलेजात संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला बावीस जण होते आणि बावीसही जणांचे चेहरे पडले. कारण सरळ होतं. आर नावाची ती एका अक्षराची संगणकी भाषा शिकायची, तर तिच्यासोबत काही तक्ते तयारच मिळतात. पाकळ्यांची लांबी-रुंदी, बोटीत कोण वाचलं नि कोण बुडालं. मागच्या चार वर्षांचे प्रकल्प त्याच पाकळ्यांवर आणि त्याच बोटीवर झाले होते. ज्याला त्याला मागच्याची फाईल मिळायची, नाव बदललं की झालं.

"आपापल्या गावातलं काहीतरी मोजून आणा," सर म्हणाले. "स्वतः मोजलेलं. मार्चमध्ये इंदापूरला आठ कॉलेजांचं प्रदर्शन आहे. तिथं परीक्षक विचारणार, हा आकडा कुठून आला. तेव्हा तुम्हाला बोट दाखवून सांगता आलं पाहिजे."

श्रेया मोरगावची. रोज एसटीनं बारामतीला येणारी, खिडकीपाशी बसून अर्धा अभ्यास एसटीतच उरकणारी. आपल्या गावात मोजण्यासारखं काय आहे, याचा विचार करत ती त्या दिवशी घरी परतली, आणि स्टँडवरून वस्तीकडं वळते तोच तिला तिचा विषय भांडताना दिसला.

भांडत होते तिचे आबा आणि कुशाबाई. जोतीराम आबा म्हणजे श्रेयाचे आजोबा. ज्वारी-बाजरीची कोरडवाहू शेती आणि दावणीला सुलतान नावाचा पैदाशीचा बोकड. सुलतान काळाभोर, लोंबत्या कानांचा, आणि गावात कुणीही आलं तरी आधी त्यालाच दाखवायला नेलं जायचं. कुशाबाई ओढ्यापलीकडच्या वस्तीवर सूनबाईंसोबत, रतनसोबत, राहायच्या. त्यांच्याकडं हिरा, तोही पैदाशीचा बोकड. अंगानं तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका, दिसायला सुलतानाच्या निम्म्यानं रुबाबदार नाही. गावातल्या शेळ्या या दोघांपैकी एकाकडं जायच्या, आणि कुणाची करडं दणकट निपजतात यावर आबा आणि कुशाबाई गेली तीन वर्षं न थकता बोलत होते.

"माझ्या सुलतानाचं करडू उचलून बघा," आबा म्हणत होते. "कमरंत उसण भरंल."

"उचलायला हाय का पाळायला?" कुशाबाई म्हणाल्या. "हिऱ्याची करडं बघा की, एका जागंवर ठरत न्हाईत."

श्रेया पिशवी खांद्यावर तशीच ठेवून मध्ये उभी राहिली. "आबा, कुशाआजी, मी समदी मोजू का?"

दोघांनी तिच्याकडं वळून पाहिलं. मग आबांनी मिशीवरून हात फिरवला. "मोज की. मोज आणि लिवून ठेव."

"आणि लिवलेलं मोठ्यांदा वाच," कुशाबाई म्हणाल्या.

असा तो प्रकल्प ठरला.

दसऱ्याच्या आगंमागं गावात शेळ्या व्याल्या होत्या. श्रेयानं एक वही केली. शेळी कुणाची, बोकड कुठला, करडू एकुलतं का जुळं, जन्म कधीचा. शेवटचा रकाना रिकामा ठेवला, वजनाचा. करडू नव्वद दिवसांचं झालं की त्या दिवशी जाऊन वजन करायचं, म्हणजे कुणाला लहान-मोठं म्हणायला जागा नको. जन्मतारखा मिळवणं हेच मोठं काम निघालं. तारीख कुणाला सांगता येईना, दिवस मात्र सगळ्यांना पाठ. कुणी म्हणे वसुबारसेला, कुणी म्हणे आमचा ट्रॅक्टर बंद पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी. श्रेया कॅलेंडर घेऊन फिरायची आणि ट्रॅक्टर कधी बंद पडला ते ट्रॅक्टरवाल्याला फोन करून विचारायची.

पौषाच्या थंडीत वजनं सुरू झाली. कॉलेजला जायच्या आधी सकाळी, नाहीतर सुट्टीच्या दिवशी. एक ताणकाटा, आईच्या जुन्या लुगड्याची झोळी, झोळीत करडू, आणि काटा बाभळीच्या फांदीला. करडू झोळीत घातलं की पहिलं अर्धं मिनिट काटा नुसता नाचायचा. मग ते विचारात पडल्यासारखं गप्प व्हायचं, तेवढ्यात आकडा वाचायचा. एकदा वाचून झाल्यावर झोळी सोडायला उशीर झाला, तर करडानं वहीचं पान खाल्लं. सुदैवानं ते कोरं होतं.

एक करडू मात्र निसटलं. आबांनी सुलतानाचं एक पिल्लू नव्वद दिवस भरायच्या आधीच सांगवीला आपल्या मुलीकडं पाठवून दिलं, नातवंडांना खेळायला. श्रेयानं त्याच्या वजनाची जागा मोकळी सोडली. बाकी बेचाळीस करडं मोजून झाली.

माघातल्या एका रविवारी, दुपारची जेवणं झाल्यावर, ती ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसली. वहीतलं सगळं तिनं आदल्या आठवड्यात टंकून ठेवलं होतं. आबा शेजारी पोत्यावर बसले होते. अडकित्ता हातात होता, पण सुपारी कातरायची राहूनच गेली होती.

"आता काय करती?"

"आता याला सांगायचं, वजनानं उतरत्या क्रमानं लाव. ज्याचं वजन जास्त ते वर."

तिनं ती एक ओळ लिहिली आणि बटण दाबलं. क्षणात बेचाळीस करडं ओळीनं उभी राहिली. आबांना वाचता येत होतं. ते चष्मा नाकावर सरकवून पुढं झुकले.

"पोरी, ह्ये यंत्र शाळेत गेलंय का?"

"का?"

"नऊ किलो आठशेचं करडू वर आणि तेरा किलोचं पार खाली बसवलंय."

श्रेयानं पाहिलं. खरंच, नऊ वर होतं, मग आठ, आणि तेरा, बारा, अकरा सगळे तळाला. मग तिची नजर सगळ्यात वरच्या ओळीवर गेली. तिथं आकडा नव्हताच. तिथं अक्षरात लिहिलं होतं, 'साडेदहा'. टंकताना रतनवहिनी शेजारून सांगत होत्या, त्यांनी म्हटलं तसंच तिच्या बोटांनी उतरवलं होतं. एका रकान्यात एक जरी शब्द आला, की यंत्र सगळा रकानाच शब्द समजतं आणि डिक्शनरीसारखा लावतं. पहिलं अक्षर बघायचं, नऊ मोठा, एक लहान. तेराची सुरुवात एकानं, म्हणून तेरा खाली.

तिनं साडेदहाचे १०.५ केले. पुन्हा बटण दाबलं. आता तेरा किलो चारशे वर आलं, आणि ते होतं सुलतानाचं.

आबा पोत्यावरून थोडे वर उचलले गेले. "झालं की मग."

"न्हाय आबा, एका करडावरनं कसं व्हईल? आता वाटे पाडायचे. सुलतानाचा वाटा येगळा, हिऱ्याचा येगळा. मग दर वाट्याची सरासरी."

वाटे पाडणं आबांना लगेच कळलं. श्रेयानं ते दोन शब्द लिहिले, एक वाटे पाडायचा आणि एक सार काढायचा. उत्तर आलं. हिऱ्यापुढं आकडा होता. सुलतानापुढं दोनच इंग्रजी अक्षरं होती, एन आणि ए.

"ना?" आबांनी वाचलं. "सुलतानाला ना का म्हणतंय?"

श्रेयाला हसू आवरेना. "सांगवीचं करडू. त्याचं वजन न्हाय ना आपल्याकडं. एक जरी माहीत नसलं तर ते म्हणतंय, सरासरी मला माहीत न्हाय."

"मग घाल की बारा. माझ्या डोळ्यानं बघितलंय, बारा भरंलच."

"डोळ्याचं चालत न्हाय."

"साडेअकरा घाल."

"आबा."

"बरं, राह्यलं."

तिनं यंत्राला सांगितलं, जे माहीत नाही ते बाजूला ठेव आणि उरलेल्यांची काढ. आता दोन्ही आकडे आले. सुलतानाची वीस करडं, सरासरी दहा किलो आठशे वीस. हिऱ्याची बावीस करडं, सरासरी दहा किलो एकशे सत्तर.

श्रेया वर बघून काही बोलणार, तोवर आबा चपला घालून पायऱ्या उतरले होते.

तासाभरात साऱ्या गावाला कळलं. आबांनी सुलतानाच्या कपाळाला गुलाल लावला, पारावर पेढे वाटले आणि आकडे तोंडपाठ म्हणून दाखवले. आठशे वीस आणि एकशे सत्तर. कुणी विचारलं की हे कुणी काढलं, तर म्हणायचे, माझ्या नातीनं, यंत्रावर. श्रेयाला तेव्हा बरंच वाटलं. आबांना इतकं खूश तिनं बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं.

कुशाबाईंच्या घरी पेढा घेऊन श्रेयाच गेली. त्या शेवरीचा पाला बांधत होत्या. पेढा घेतला, अर्धा तोंडात टाकला, अर्धा रतनला दिला.

"चांगलं झालं," त्या म्हणाल्या. "मोजलंस त्ये बरं केलंस. एक इचारू का?"

"इचारा की."

"त्या भुऱ्या शेळीची दोन करडं हायती. ती तू येगयेगळी धरलीस?"

"व्हय. दोन करडं, दोन ओळी."

"पर दूध तर एकाच आईचं पितात की," कुशाबाई म्हणाल्या, आणि पुन्हा पाला बांधायला लागल्या. त्यात टोमणा नव्हता. शेळ्या पाळणाऱ्या बाईनं सहज विचारावं तसं विचारलं होतं.

सोमवारी सकाळी एसटीत खिडकीपाशी बसल्यावर ते वाक्य पुन्हा श्रेयाच्या डोक्यात आलं. एकुलतं का जुळं, हा रकाना तिनं स्वतः केला होता. वहीत भरला होता, टंकला होता, आणि सार काढताना त्याच्याकडं बघितलंही नव्हतं. तिनं लॅपटॉप मांडीवर उघडला. वाटे पाडायच्या ओळीत 'बोकड' हा एकच शब्द होता. तिनं स्वल्पविराम देऊन दुसरा घातला, 'प्रकार'. गाडी खड्ड्यातून गेली, बोट भलत्या बटणावर पडलं, पुन्हा लिहिलं.

चार ओळी आल्या.

एकुलती करडं. सुलतानाची चौदा, सरासरी अकरा किलो सहाशे. हिऱ्याची चार, सरासरी बारा किलो तीनशे.

जुळी करडं. सुलतानाची सहा, सरासरी नऊ किलो. हिऱ्याची अठरा, सरासरी नऊ किलो सातशे.

तिनं त्या चार ओळी तीनदा वाचल्या. एकुलत्यात हिरा पुढं. जुळ्यात हिरा पुढं. आणि दोन्ही एकत्र केले की सुलतान पुढं. असं कसं होईल? तिनं कागद काढून हातानं बेरजा मारल्या. बरोबर येत होत्या. कंडक्टर तिकीट विचारायला आला, तर तिनं पास दाखवायच्या ऐवजी तो कागदच पुढं केला.

मग हळूहळू उलगडलं. जुळं करडू हलकंच असतं, एका आईचं दूध दोघांत वाटलं जातं. हिऱ्याच्या बाजूला जुळ्यांचीच गर्दी, बाविसातली अठरा. सुलतानाच्या बाजूला विसातली सहाच. सगळी एका ढिगात टाकली की हिऱ्याचा ढीग हलका दिसणारच. त्यात हिऱ्याचा काही दोष नव्हता. नुसतं वाटे पाडताना ती एक रकाना विसरली होती, आणि तेवढ्यात आबांनी पेढे वाटले होते.

भापकर सरांनी चार ओळी बघितल्या आणि खुर्ची ओढून बसलेच. "हे पुस्तकात असतं," ते म्हणाले. "मी वीस वर्षं शिकवतोय, पण कुणी स्वतः मोजून आणलेलं पहिल्यांदा बघतोय."

"सर, पण मग कुठलं खरं?"

"दोन्ही हिशेब बरोबर आहेत. पण बोकडाबद्दल विचारायचं असेल तर एकुलतं एकुलत्याशी आणि जुळं जुळ्याशी ताडून बघायला हवं. इंदापूरला चारही ओळी मांड. दोन ओळींवर थांबलीस तर चूक होईल."

इंदापूरचं तिला काही वाटत नव्हतं. तिला आबांची काळजी होती. परतीच्या एसटीत तिनं कसं सांगायचं याची चार-पाच वाक्यं जुळवली आणि घरी पोचल्यावर त्यातलं एकही वापरलं नाही. आबा सुलतानाच्या अंगावरून खरारा फिरवत होते. तिनं सरळच सांगितलं.

आबांचा हात थांबला. "म्हंजी सुलतान हारला."

"हारला असं न्हाय. मी अर्धंच बघितलं व्हतं. तुमी पारावर जायच्या आधी मीच थांबवायला पायजे व्हतं."

"तू कशी थांबवणार? मी थांबलोच न्हाय." ते पुन्हा खरारा फिरवायला लागले. "माझ्या नातीनं माझ्या बोकडाला खाली बसवलं म्हणायचं."

त्यानंतर दोन दिवस आबा घरात मोजकंच बोलले. जेवायला वाढ, पाणी दे, दिवा मालव. श्रेयाच्या आईनं एकदा मध्यस्थी करून बघितली, तर आबा म्हणाले, मी रागावलो न्हाय, मी इचार करतोय. पारावर ते गेले नाहीत. पेढे वाटले तिथंच जाऊन उलटं सांगायचं म्हणजे तोंड कुठं लपवायचं, हे ते बोलले नाहीत, पण घरातल्या सगळ्यांना कळत होतं. श्रेयालाही घाई करवेना. कागदावर चार ओळी लिहून तिनं तो देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवला होता. आबांनी तो बघितला की नाही, कुणास ठाऊक.

तिसऱ्या दिवशी संभाजी आला. संभाजीचं गावात किराणा दुकान, आणि जिभेला हाड नाही. तो आबांकडं पाण्याची मोटार मागायला आला होता. जाता जाता दारात उभा राहून हसत म्हणाला, "आबा, झ्याक जमवलंय तुमी. बोकड घरचा, नात घरची, यंत्र घरचं. निकाल तरी भाईरचा कसा लागंल?"

श्रेया आत चहा गाळत होती. तिच्या हातातली गाळणी तशीच राहिली. आबा काय म्हणतात ते ऐकायला ती दाराशी आली.

आबा उठले. फळीवरचा कागद घेतला, टोपी डोक्यावर ठेवली आणि संभाजीच्या दंडाला धरून म्हणाले, "चल. तुझ्यासमोरच सांगतो."

पारावर संध्याकाळची सात-आठ माणसं होती. ओढ्यापलीकडून कुशाबाई शेळ्या घेऊन परतत होत्या, त्यांनाही आबांनी हाक मारून थांबवलं. श्रेया मागं मागं धावत आली, तेव्हा आबांनी चष्मा लावून वाचायला सुरुवात केली होती.

"परवा मी जे सांगितलं त्ये अर्धं व्हतं," आबा म्हणाले. "ही चार वळीची गोष्ट हाय. ऐका." आणि त्यांनी चारही ओळी वाचल्या, करडांच्या संख्येसकट. "एकुलत्यात हिरा भारी. जुळ्यात हिराच भारी. मी सुलतानाचा मालक, मला आवडलं न्हाय, पर आकडा असा हाय. ह्यो बी माझ्या नातीनंच काढलाय. लपवायचं असतं तर तिला कोण इचारणार व्हतं? आता संभाजी, तुझं काय म्हणणं?"

संभाजी म्हणाला, "मी गंमत केली आबा," आणि मोटारीचा विषय काढला.

सगळे कुशाबाईंकडं बघत होते. त्यांनी आता बोलावं आणि तीन वर्षांचं उट्टं काढावं, अशी दोघा-तिघांची तरी इच्छा होती. कुशाबाईंनी काठी जमिनीत रोवली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आबा, ह्ये बी पुरं न्हाय," त्या म्हणाल्या. "तुमच्या सुलतानाकडं गेल्या त्यातल्या लई करून पाठी व्हत्या. कोवळ्या. पयलं येत, पयल्यांदाच व्यालेल्या. पयल्या येताला एकच करडू व्हतं, आणि त्येबी बारकं. माझ्याकडं आल्या त्या जुन्या शेळ्या. त्यांना दूध जास्ती. मग हिऱ्याचं कवतिक करायचं का शेळ्यांचं?"

आबा कागद घडी करता करता थांबले. कुशाबाईंनी स्वतःच्या बोकडाच्या विरुद्ध बोलावं हे कुणाच्या कल्पनेतच नव्हतं.

श्रेया पुढं आली. "आजी, कुठली शेळी कितव्या वेताची ते आठवंल तुमाला?"

"मला गावातल्या समद्या शेळ्यांचं आठवतं," कुशाबाई म्हणाल्या. "लिव."

आणि तिथंच पारावर, दिवेलागणीपर्यंत, त्या सांगत गेल्या आणि श्रेया लिहीत गेली. कुठं चुकलं तर शेळीचा मालक दुरुस्त करायचा. वहीत आणखी एक रकाना झाला, वेताचा. घरी येऊन तिनं वाटे पाडले. सुलतानाकडं गेलेल्या अठरा शेळ्यांतल्या पंधरा पहिलटकर होत्या, हिऱ्याकडच्या तेरातल्या दोन. आता तीन-तीन गोष्टींनी वाटे पाडले, तर एकेका वाट्यात दोन करडं, तीन करडं, एका वाट्यात तर एकही नाही. एवढ्यावर बोकडाबद्दल काय सांगणार? तिनं सरांना फोन केला. सर म्हणाले, "मग हेच सांग. सांगता येत नाही, असं सांगायलाही मोजावं लागतं."

मार्चमध्ये इंदापूरला जाताना एसटीत श्रेयाच्या शेजारी आबा बसले होते आणि पुढच्या बाकावर कुशाबाई. त्यांना बोलवावं लागलं नव्हतं. आबा म्हणाले, आकडा कुठून आला असं इचारलं तर बोट दावायला कुणीतरी नको का? कुशाबाईंनी डब्यात ज्वारीची भाकरी आणि ठेचा घेतला होता, आणि अर्ध्या वाटेत त्यांनी तो सोडलाही.

प्रदर्शनाच्या हॉलमध्ये आठ कॉलेजांचे तक्ते भिंतीला लावलेले. कुणी पेरूच्या पेट्या मोजल्या होत्या, कुणी उजनीच्या काठावर येणारे पक्षी. श्रेयाच्या तक्त्यापुढं परीक्षक बाई थांबल्या. बारीक अंगाच्या, चष्म्याच्या दोरीशी चाळा करणाऱ्या. त्यांनी आधी दोन ओळींचा निकाल वाचला, मग चार ओळींचा, मग वेताचा मोठा तक्ता. त्यातल्या एका रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं.

"इथं काहीच का नाही?"

"सुलतानाकडं गेलेली जुन्या वेताची आणि एकुलतं करडू असलेली एकच शेळी होती. तिचं करडू सांगवीला गेलं. वजन माहीत नाही."

"अंदाजे भरता आलं असतं."

"भरा म्हणून आग्रह झाला होता," श्रेया म्हणाली. मागं आबांना ठसका लागला.

बाई हसल्या. "बरं, मला एक सांग. माझ्याकडं शेळी असती, तर मी कुठल्या बोकडाकडं न्यायची?"

श्रेयानं दोन महिन्यांत हा प्रश्न स्वतःलाच इतक्यांदा विचारला होता, की उत्तर द्यायला तिला विचार करावा लागला नाही. "अजून सांगता येत नाही, मॅडम. कोवळ्या शेळ्या एकीकडं गेल्या आणि जुन्या दुसरीकडं. बोकडाचा फरक आणि शेळीचा फरक एकमेकांत मिसळलाय. माझ्या तक्त्यातनं तो सुटत नाही."

"मग सुटण्यासाठी काय करायला हवं?"

ती बोलायला तोंड उघडते, तोवर मागून आवाज आला.

"चिठ्ठ्या टाकायच्या," कुशाबाई म्हणाल्या. साऱ्या हॉलनं वळून पाहिलं, पण त्या घाबरल्या नाहीत. "कोवळ्या शेळ्यांच्या येगळ्या चिठ्ठ्या, जुन्यांच्या येगळ्या. जिची चिठ्ठी ज्याच्या नावाची निघंल, ती त्याच्याकडं. मग मालकाची मर्जी न्हाय, आणि माझी न्हाय, आणि ह्यांची बी न्हाय."

परीक्षक बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि कुशाबाईंकडं नीट पाहून घेतलं. "आजी, तुम्ही कुठं शिकलात हे?"

"भिशीत," कुशाबाई म्हणाल्या.

श्रेयाला दुसरा क्रमांक मिळाला. पहिला उजनीच्या पक्ष्यांना गेला, आणि आबांचं मत असं होतं की पक्षी मोजणं सोपं, त्यांना झोळीत घालावं लागत नाही. परीक्षक बाईंनी तक्त्याची प्रत मागून घेतली आणि चिठ्ठ्यांचं पुढच्या वर्षी काय होतं ते कळवायला सांगितलं, म्हणून श्रेयानं त्यांचा नंबर वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतला. परीक्षा संपल्यावर तिला पुण्यात एम.एस्सी.ला जायचं होतं. तिनं आबांना तसं सांगितलं, तेव्हा आबा म्हणाले, जा की, काटा वाचायला मला येतो, तू फक्त फोनवर उतरून घे.

ज्येष्ठात, शेळ्या माजावर यायच्या सुमाराला, पारावर दोन पितळी तांबे ठेवले गेले. एकात कोवळ्या शेळ्यांच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यात जुन्यांच्या. सत्तावीस मालक जमले होते, आणि चिठ्ठ्या काढायचं काम, कुणाला शंका नको म्हणून, संभाजीकडं दिलं होतं. त्यानं हात वर करून दोन्ही बाह्या दुमडून दाखवल्या. श्रेया लॅपटॉपवर प्रत्येक नाव लिहून घेत होती. आकडा आकड्यातच, शब्द शब्दांच्या रकान्यात.

आबांच्या घरची चंद्री पाराशेजारीच बांधलेली होती, तिसऱ्या वेताची, दुधाला गावात एक नंबर. तिची चिठ्ठी निघाली. संभाजीनं उलगडली, वाचली आणि आबांकडं बघत थोडा थांबला.

"वाच," आबा म्हणाले.

"हिरा."

पारावर खसखस पिकली. आबांनी मान हलवली, उठले, आणि चंद्रीचं दावं सोडून कुशाबाईंच्या हातात दिलं.

"संध्याकाळी येतो न्यायला," ते म्हणाले. "तिला भिजवलेला भरडा लागतो. कोरडा खात न्हाय."

"मला म्हाईत हाय," कुशाबाई म्हणाल्या, आणि चंद्रीला घेऊन ओढ्याकडं चालू लागल्या. संभाजीनं पुढची चिठ्ठी काढली.